जुन्या इंग्रजी भूतकथांमधली भीती नेमकी कुठे असते?

कंदील यांचा प्रश्न:

गेले दोन-अडीच महिने मी एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाजलेल्या गॉथिक कथा आणि भूतकथा वाचत आहे. एडगर ॲलन पो, शेरिडन ल फॅनू, चार्ल्स डिकन्स, एम. आर. जेम्स, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स असे बहुतेक मान्यवर त्यात येऊन गेले. भाषा जुनी असली तरी तिचा फारसा जाच झाला नाही आणि कथा कंटाळवाण्या वाटल्या असेही मी म्हणणार नाही; परंतु ज्या गोष्टीसाठी त्यांचा एवढा बोलबाला आहे ती गोष्ट, म्हणजे भीती, मला एकदाही वाटली नाही.

उदाहरणच द्यायचे तर जेम्सची ‘ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ ही कथा घ्या. इंग्रजीतल्या सर्वांत भयंकर भूतकथांपैकी ही एक, असे मी इतक्या ठिकाणी वाचले होते की मनाची पुरती तयारी करूनच तिच्याकडे वळलो. एक प्राध्यापक समुद्रकाठच्या गावी सुटीला जातो, तिथल्या पडक्या अवशेषांत त्याला एक जुनी शिट्टी सापडते, तो ती वाजवतो, आणि शेवटी त्याच्यासमोर उभे राहते ते काय, तर पलंगावरची चादर! डिकन्सच्या ‘द सिग्नल-मॅन’मध्ये त्या रेल्वेच्या माणसाचे काय होणार हे मला अर्ध्यावरच कळले. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ त्यातल्या त्यात आवडली, पण तिच्यात ज्याची धास्ती घ्यायची ते शेवटपर्यंत दिसतच नाही.

त्यामुळे जाणकारांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. काळाच्या ओघात या कथांची धार बोथट झाली आहे, की माझ्या वाचण्यातच काही चुकते आहे? मी बहुतेक वाचन फोनवर, प्रवासात, तुकड्यातुकड्यांनी करतो आणि एकेक कथा संपायला दोन-तीन दिवस लागतात, हेही प्रांजळपणे सांगून ठेवतो. दुसरे असे की ‘गॉथिक कथा’ आणि ‘भूतकथा’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्या दोन्ही एकच आहेत का? वर उल्लेख केलेल्या कथांचे शेवट उघडपणे सांगितले तरी माझी हरकत नाही.


जुनी पाने यांचा प्रतिसाद:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच दडलेले आहे.

दोन्ही एक नाहीत, आणि गंमत अशी की त्या दोघींत भूतकथाच वयाने कितीतरी मोठी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या सुरा नावाच्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात अथेन्समधल्या एका घराची हकीकत सांगितली आहे. त्या घरात रात्री साखळदंडांचा आवाज येतो, मग एक खंगलेला, दाढी वाढलेला म्हातारा दिसतो, आणि भीतीने रहिवासी झुरून मरतात. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ त्या गावी येतो, घराचे भाडे संशय यावा इतके कमी आहे हे पाहून चौकशी करतो आणि सगळे कळल्यावर मुद्दाम तेच घर घेतो. रात्री तो लिहीत बसलेला असताना भूत येऊन त्याला बोटाने खुणावते, आणि हा गृहस्थ त्याला हातानेच ‘जरा थांब’ अशी खूण करून लिहिणे पुढे चालू ठेवतो. भूत बिचारे त्याच्या डोक्यावर साखळ्या वाजवत ताटकळते! अखेर तो त्याच्यामागून अंगणात जातो, जिथे ते नाहीसे होते तिथे खणल्यावर साखळ्यांनी जखडलेली हाडे सापडतात, त्यांना रीतसर मूठमाती दिली जाते आणि घर शांत होते. स्वस्त भाड्याचे घर, रात्रीचा एकटा माणूस, साखळ्यांचा आवाज, हे सगळे साहित्य तेव्हापासून तयार आहे. डिकन्सने १८४३ साली ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये मार्लेच्या भुताला साखळी बांधली, तेव्हा ती फार जुनी होती.

गॉथिकचा जन्म मात्र तारखेनिशी सांगता येतो. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी १७६४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच पानांवर आकाशातून पडावे तसे एक अवाढव्य शिरस्त्राण पडून ऐन लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा त्याखाली चिरडून मरतो. वॉलपोलने पहिल्या आवृत्तीवर आपले नाव घातले नव्हते. एका जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी त्याने केली होती. पुस्तक गाजल्यावर दुसऱ्या आवृत्तीत त्याने खरे काय ते कबूल केले आणि नावाखाली ‘अ गॉथिक स्टोरी’ असे शब्द जोडले. त्या काळी ‘गॉथिक’ म्हणजे मध्ययुगीन, काहीसे रानटी, असा अर्थ होता. तेव्हा गॉथिक हे मुळात स्थळाचे आणि काळाचे नाव आहे: किल्ला, तळघर, भुयार, जुलमी सरदार, वंशाला लागलेला शाप. त्यात भूत असलेच पाहिजे असा नियम नाही. ॲन रॅडक्लिफ या गॉथिकच्या सर्वांत लोकप्रिय लेखिकेने तर बहुतेक सगळ्या अद्भुताचा शेवटी लौकिक उलगडा दिला. ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ या तिच्या १७९४ च्या कादंबरीत नायिका एक काळा पडदा बाजूला करते आणि पाहताक्षणी बेशुद्ध पडते. त्यामागे काय होते हे वाचकाला शेकडो पानांनंतर कळते आणि ते मेणाचे निघते. (त्या काळच्या वाचकांचा संयम थोर म्हणायचा.)

या गॉथिकमध्ये इंग्रज वाचकाला एक मोठी सोय होती. जे काही भयंकर घडायचे ते इटलीत, मठांत, काही शतकांपूर्वी घडायचे. ती सोय एकोणिसाव्या शतकातल्या भूतकथेने काढून घेतली. भूत किल्ल्यातून निघाले आणि भाड्याच्या घरात, घोडागाडीत, हॉटेलच्या खोलीत, रेल्वेच्या बोगद्यापाशी येऊन उभे राहिले. ‘जपून राहिलो नाही तर हे माझ्याही बाबतीत घडेल’ असे वाचकाला वाटले पाहिजे, अशी अपेक्षा एम. आर. जेम्सने १९११ च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. वॉलपोलच्या वाचकाला असे वाटण्याची मुळीच शक्यता नव्हती.

पोची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही १८३९ ची कथा या दोहोंच्या मधोमध उभी आहे. वाडा आहे, तळघर आहे, डबके आहे, म्हणजे गॉथिकचा सगळा सरंजाम आहे. पण तो वाडा कोणत्या देशात आहे हे पो सांगतच नाही. आसपासचे लोक वाड्याला आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबाला एकाच नावाने ओळखतात, आणि हा मुद्दा आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘त्यांचे घर बुडाले’ असे आपण म्हणतो तेव्हा भिंतींबद्दल बोलत नसतो. पोने ते शब्दशः घडवले. भिंतीवर छपरापासून खाली गेलेली एक नजरेत न भरणारी भेग कथेच्या आरंभी दाखवली, आणि शेवटी त्याच भेगेतून लाल चंद्र दिसतो न दिसतो तोच वाडा त्या डबक्याच्या पोटात गेला.


रातकिडा यांचा प्रतिसाद:

मला त्या चादरीबद्दल बोलायचे आहे, कारण ‘शेवटी काय, तर चादर’ या तुमच्या वाक्यात त्या कथेचे सगळे मर्म आले आहे, फक्त तुम्ही ते तक्रारीच्या सुरात सांगितले आहे.

प्राध्यापक पार्किन्स ज्या खोलीत उतरतो तिच्यात दोन पलंग आहेत. ही गोष्ट जेम्सने अगदी आरंभी, तीही हसतखेळत सांगितली आहे: हॉटेलात एका पलंगाची खोली शिल्लक नव्हती, आणि एक ओळखीचा माणूस ‘मग त्या दुसऱ्या पलंगावर मीच येतो की’ म्हणून पार्किन्सला पिडतो. आपण हे विसरून जातो. शिट्टीवर लॅटिनमध्ये ‘हा जो येतो आहे, तो कोण?’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि ती वाचून पार्किन्स मनाशी म्हणतो की हे कळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शिट्टी वाजवून पाहणे. रात्री ती वाजवून झाल्यावर सकाळी कामवाली बाई सहज विचारते की जादा पांघरूण दोहोंपैकी कोणत्या पलंगावर घालू, कारण रात्री दोन्ही वापरलेले दिसतात. पार्किन्स स्वतःची समजूत घालतो की सामान काढताना आपल्याच हातून अंथरूण विस्कटले असेल. माझ्या मते कथेतली खरी भीती या प्रसंगात आहे. इथे भूत नाही, अंधार नाही, किंचाळी नाही. सकाळचे ऊन आहे, एक बाई आहे आणि चुरगळलेले अंथरूण आहे. पुढे रात्री त्या रिकाम्या पलंगावर कोणीतरी उठून बसते, तेव्हा ते येणार हे आपल्याला सकाळपासून ठाऊक असते आणि तरीही ते यावेसे वाटत नसते.

पार्किन्सच्या मदतीला धावून आलेल्या कर्नलचे नंतरचे मत तर चादरीवरच्या तुमच्या आक्षेपाला थेट उत्तर आहे. त्याच्या मते पार्किन्स त्या आकृतीशी भिडला असता तर ती त्याचे फारसे काही बिघडवू शकली नसती, कारण घाबरवणे एवढीच तिची शक्ती होती. चादरीपलीकडे तिला शरीरच नव्हते. म्हणजे जेम्सने भुताजवळून नखे, दात, साखळ्या, रक्त सगळे काढून घेतले आणि निखळ भीती तेवढी शिल्लक ठेवली. दारामागे टांगलेला पांढरा झगा किंवा हिवाळ्यातल्या सायंकाळी शेतातले बुजगावणे दिसले तरी पुढे पार्किन्सची झोप उडते, असे शेवटी सांगितले आहे. चादर प्रत्येकाच्या घरी असते. साखळदंड नसतात.

प्लिनीच्या भुताशी तुलना केली तर आणखी एक फरक जाणवतो. त्या भुताला काहीतरी हवे होते, आणि ते मिळाल्यावर ते निघून गेले. जेम्सच्या भुतांचे समाधान करण्याची सोय कोणाजवळच नसते. त्यांची मागणी काय आहे हेच कळत नाही, आणि ज्याच्याशी सौदा करता येत नाही त्याची भीती जास्त वाटते.

ज्या गोष्टीवर इंग्रजी समीक्षेत पुष्कळ काथ्याकूट झाला आहे तिच्यासाठी आपल्या काव्यशास्त्रात दोन नेमके शब्द आधीच आहेत. रॅडक्लिफबाईंच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी दोन प्रकारच्या भीतींत भेद केला आहे: एक मनाला विस्तारते आणि जागे करते, दुसरी त्याला आक्रसून गोठवून टाकते. आपल्याकडे भयानक आणि बीभत्स हे रसच वेगळे मानलेले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. रॅडक्लिफबाईंचा भेद आणि हा भेद तंतोतंत एक नाहीत हे मान्य करूनही म्हणतो की आजचे भयपट पाहून तयार झालेले आपले मन भयानकाच्या नावाखाली बीभत्साची अपेक्षा करते, आणि ते मिळाले नाही की कथा फिकी वाटते. ‘द मंकीज पॉ’मध्ये दाराबाहेर काय आहे हे जेकब्स दाखवत नाही, पण यंत्रात सापडलेल्या मुलाला आपण केवळ कपड्यांवरून ओळखू शकलो, हे वडिलांच्या तोंडून त्याने आधीच वदवून घेतलेले असते. मग मेलेला मुलगा परत यावा अशी इच्छा मागितल्यावर दारावर थाप पडते, आई खुर्चीवर चढून घट्ट बसलेली वरची कडी काढायला धडपडते, आणि वडील जमिनीवर तो इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा चाचपडत असतात. दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता आणि लुकलुकणारा दिवा. दाराबाहेरचे चित्र तुम्ही स्वतः काढले होते की नाही, हे आठवून पाहा. ते काढले नसेल तर कथेतला अर्धा भाग वाचायचा राहिला आहे.


उंबरठा यांचा प्रतिसाद:

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु जेम्सला या परंपरेच्या शिखरावर बसवण्याला माझा नम्र विरोध आहे. त्याच्या कथांतले जग फार अरुंद आहे. एकटे राहणारे विद्वान पुरुष, जुनी हस्तलिखिते, चर्चच्या भिंती, आणि कुतूहलापोटी केलेली एखादी आगळीक. भूत नेहमी बाहेरून येते, आणि ज्याच्यावर ते येते त्याच्या मनात आधी काय चालले होते याच्याशी लेखकाला देणेघेणे नसते. मला ही भीती कोड्यासारखी वाटते. उत्तम रचलेली, पण पुस्तक मिटले की संपणारी.

माझ्या लेखी दुसरी वाट अधिक खोल जाते. आपल्या कथांतली भीती जर्मनीतून आणलेली नसून माणसाच्या आत्म्यातली आहे, असे पोने १८४० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत बजावले होते. ल फॅनूची ‘ग्रीन टी’ ही १८६९ ची कथा पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे. जेनिंग्ज नावाच्या धर्मोपदेशकाला घोड्यांच्या बसमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात दोन तांबूस ठिपके दिसतात. ते एका लहानशा काळ्या माकडाचे डोळे असतात. तो छत्रीने त्याला ढोसून पाहतो, तर छत्री आरपार जाते. त्या दिवसापासून ते माकड त्याची पाठ सोडत नाही. प्रार्थना म्हणू लागला की मध्ये येते, आणि पुढे पुढे बोलू लागते. हे भूत आहे, की भ्रम आहे, की त्या सज्जन माणसाच्या मनातलेच काही आहे, याचा निकाल ल फॅनू लावत नाही. हिरव्या चहाचे खापर फोडतो तो डॉक्टर हेसेलियस, आणि रोग्याने आत्महत्या केल्यावर ‘मी अजून त्याच्यावर उपचार सुरूच केले नव्हते, त्यामुळे हे माझे अपयश मानता येणार नाही’ असा खुलासा करतो. मला माकडापेक्षा त्या डॉक्टरची अधिक भीती वाटली.

डॉक्टरांचा विषय निघाला म्हणून शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीसाठी एका जुन्या घराच्या माडीवरच्या खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे, आणि भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला हळूहळू एक बाई दिसू लागते. पलंग एखाद्या लढाईतून आल्यासारखा दिसतो हे ती बऱ्याच आधी नोंदवते, आणि इथे पूर्वी फार दांडगट मुले राहत असावीत असे तिला वाटते. कथा संपत आल्यावर ती तितक्याच सहजतेने लिहिते की राग आला म्हणून मी पलंगाच्या कोपऱ्याचा एक तुकडा चावून काढला. ते वाक्य वाचून मी मागची पाने उलटली. तुम्हीही उलटाल.

गिलमन यांनी १९१३ साली या कथेची जन्मकथा सांगितली. मज्जाविकारांच्या एका नामांकित तज्ज्ञाने त्यांना पूर्ण विश्रांती घ्यायला, दिवसाकाठी बौद्धिक असे फार तर दोन तास घालवायला, आणि जन्मात पुन्हा लेखणी हाती न धरायला सांगितले होते. सुमारे तीन महिने त्यांनी ते पाळले आणि वेड लागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो सल्ला झुगारून दिला. या कथेत भूत नाही आणि किल्लाही नाही. पण बंदिस्त खोली, कोंडलेली स्त्री आणि ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणणारा पुरुष हा गॉथिकचा जुना ऐवज आहे. फक्त जुलमी सरदाराच्या जागी प्रेमळ नवरा आला आहे. म्हणून गॉथिक मागे पडले आणि भूतकथा पुढे गेली, ही ‘जुनी पाने’ यांची मांडणी मला अर्धीच पटते.

जाता जाता एवढेच की या परंपरेतल्या स्त्रियांची नावे प्रश्नात एकही नव्हती. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ वाचली नसेल तर अवश्य वाचावी. त्या घरातला ऑर्गन हिवाळ्याच्या रात्री वाजत असतो, आणि दाई धीर करून तो उघडून पाहते तेव्हा आतून तो पार मोडलेला निघतो.


रातकिडा यांचा प्रतिसाद:

उंबरठा, जेम्सचे जग अरुंद आहे हे मी निमूटपणे मान्य करतो. त्याच्या कथांत स्त्रिया फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या बहुधा चहा आणून देतात. मात्र पार्किन्सच्या मनात आधी काय चालले होते याच्याशी लेखकाला देणेघेणे नाही, हे मला मान्य नाही. भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना सवलत म्हणून एक शब्दही बोलायची ज्याची तयारी नाही अशा माणसाकडूनच जेम्सने शिट्टी वाजवून घेतली आहे. ‘ग्रीन टी’च्या डॉक्टरबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.


धुके यांचा प्रतिसाद:

कंदील, तुमच्या प्रश्नातल्या एका कबुलीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष झाले आहे. एकेक कथा संपायला दोन-तीन दिवस लागतात, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते रोगाचे मूळ तिथेच आहे.

पोने १८४२ साली हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना असे प्रतिपादन केले की कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी. मध्ये उठलो की बाहेरचे जग आत शिरते आणि लेखकाने एकेका वाक्याने बांधत आणलेला परिणाम विरून जातो. हे निव्वळ सिद्धांताचे बोलणे नव्हे, कारण या कथा वापरल्याही तशाच जात. डिकन्सच्या साप्ताहिकांचे नाताळचे खास अंक निघत, ते घरोघरी एकत्र बसून वाचले जात, आणि गॅस्केलबाईंची वर उल्लेखलेली कथा १८५२ च्या अशाच अंकात आली होती. जेम्स तर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या आदल्या रात्री मित्रांसाठी कथा वाचायचा. तिथे हजर असलेल्या एकाने लिहून ठेवले आहे की मंडळी जमून ताटकळत बसलेली असत, जेम्स हस्तलिखित घेऊन झोपायच्या खोलीतून बाहेर येई, एक सोडून बाकीच्या सगळ्या मेणबत्त्या विझवी आणि त्या एकीजवळ बसून वाचू लागे. त्या खोलीत कोणाला मधेच उठून जाण्याची सोय नव्हती. तुम्ही त्याच कथा गर्दीत, मधूनमधून संदेशांना उत्तरे देत वाचता आहात.

भूतकथेची बांधणी कशी असावी हे जेम्सने १९२४ साली थोडक्यात सांगितले आहे: माणसे आपापल्या साध्या उद्योगांत निवांत असलेली दाखवावीत, त्या शांततेत अशुभाने आधी हळूच डोके वर काढावे, मग जरा धिटाईने, आणि शेवटी सगळा रंगमंच व्यापून टाकावा. ही चढण आहे. चढणीवर दर पन्नास पावलांनी घरी जाऊन परत आलात तर दम लागायचा नाही, हे उघड आहे.

‘द सिग्नल-मॅन’बद्दल थोडी पार्श्वभूमी सांगतो. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट इथे डिकन्सची आगगाडी पुलावरून कोसळली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते, मुकादमाने वेळापत्रक पाहण्यात चूक केली होती, आणि लाल निशाण घेतलेला माणूस नियमाने असायला हवा होता त्याहून फार जवळ उभा होता, त्यामुळे गाडी थांबवायला पुरेसे अंतरच मिळाले नाही. दहा माणसे दगावली. डिकन्सचा डबा पुलाच्या टोकाला लोंबकळत राहिला. तो बाहेर पडला, जखमींना पाणी पाजत हिंडला, आणि मग आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखित आणायला पुन्हा डब्यात शिरला. दीड वर्षाने, १८६६ च्या नाताळ अंकात ही कथा आली. त्या अपघातानंतर डिकन्सला रेल्वेच्या प्रवासाची कायमची धास्ती बसली होती, आणि योगायोग असा की तो वारला तो दिवसही ९ जूनच, साल १८७०. इशारा देण्याचे काम ज्याचे आहे त्यालाच इशारा मिळतो आणि त्याचे काय करायचे हे कळत नाही, ही कल्पना त्याला कुठून सुचली असेल याचा आपण अंदाज करू शकतो.

त्या माणसाचे काय होणार हे तुम्हाला अर्ध्यावर कळले, असे तुम्ही म्हणता. कळू दे. डिकन्सने ते फारसे लपवलेलेच नाही. माझी एकच सूचना आहे: ती कथा एका रात्री, एका बैठकीत, शक्य असल्यास मोठ्याने वाचा. पाऊण तास पुरे होईल. शेवटचा परिच्छेद वाचून झाला की लगेच कथेचे पहिले वाक्य पुन्हा पाहा. आणखी काही सांगत नाही.


कंदील यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. धुके यांची सूचना मी काल रात्री अमलात आणली, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

फोन बाजूला ठेवून छापील पुस्तकातून मोठ्याने वाचले. पहिली पाच-दहा मिनिटे स्वतःच्याच आवाजाचा संकोच वाटला, नंतर वाटेनासा झाला. कथेची सुरुवात निवेदकाच्या हाकेने होते: ‘अहो! तिकडे खाली!’ तो उंच कड्यावर उभा आहे आणि सिग्नलवाला खाली खोल खिंडीत, रुळांजवळ. हाक ऐकल्यावर तो माणूस वर पाहत नाही. पाठ फिरवून रुळांकडे पाहतो. मागच्या वेळी मी हे वाक्य वाचले होते, पण ते तिथे का आहे याचा विचार केला नव्हता. पुढे दोघे समोरासमोर आल्यावर प्रत्येकाला क्षणभर दुसराच भूत असल्यासारखा वाटतो, हेही माझ्या नजरेतून निसटले होते.

आता शेवटच्या परिच्छेदाबद्दल. मागच्या वेळी सिग्नलवाला मेला हे कळल्यावर माझ्या दृष्टीने कथा संपली होती, आणि उरलेल्या पाच-सहा ओळींवरून मी नुसती नजर फिरवली होती. त्याला उडवणाऱ्या इंजिनचा ड्रायव्हर सांगतो की आपण हात हलवत ओरडून सांगितले, ‘तिकडे खाली! सांभाळा! देवासाठी वाट सोडा!’ यातले पहिले शब्द दुर्घटनेआधी सिग्नलवाल्याला दिसणाऱ्या भुताचे, त्यानेच निवेदकाला सांगितलेले. ‘देवासाठी वाट सोडा’ हे शब्द मात्र भुताने उच्चारले नव्हते आणि सिग्नलवाल्यानेही उच्चारले नव्हते. त्याने भुताचे हातवारे करून दाखवले, तेव्हा त्या हातवाऱ्यांना ते शब्द निवेदकाने लावले होते, तेही फक्त आपल्या मनात. निवेदक हे अगदी कोरडेपणाने नोंदवतो, त्याचा अर्थ लावत नाही, आणि कथा थांबते.

म्हणजे तीन दुर्घटनांचा तो इशारा खिंडीतल्या त्या एकट्या माणसापुरता नव्हता. सुरक्षित कड्यावर उभे राहून सहानुभूतीने विचारपूस करणाऱ्या या शहाण्या माणसाच्या डोक्यातही तो शिरला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. भुताचे शब्द त्याच्या तोंडून पहिल्याच ओळीत बाहेर पडले होते.

धुके यांनी सांगितल्याप्रमाणे मी पहिल्या वाक्याकडे परत गेलो, आणि तिथून आणखी एका जागी. पहिल्या भेटीच्या शेवटी सिग्नलवाला विचारतो की आज तुम्ही तेच शब्द का उच्चारलेत. निवेदक म्हणतो, तुम्ही खाली दिसलात म्हणून. दुसरे काही कारण नाही? दुसरे काय असणार? मग तो बिचकत विचारतो, ते शब्द कोणत्यातरी अलौकिक मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचवले जात आहेत, असे काही तुम्हाला जाणवले नाही ना?

निवेदक ‘नाही’ म्हणतो. मागच्या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.